कच्चे मडके फोडावयाचे नसते

गेल्या कार्तिकातील गोष्ट. आमच्या देवळाच्या वार्षिक उत्सवात दुसऱ्या दिवशीच्या बैठकीस संगीत महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी गावयास बसली. वेळ दिवेलागणीची, राग पूरिया धनाश्री. मुलगी आमच्याच वाड्यावरची. तिच्या आजीने याच सभामंडपात जन्मभर आरत्या म्हटलेल्या. विलंबित ख्यालाची मांडणी तिने चांगली केली. पंचमावरचा तिचा ठेहराव ऐकून मागच्या खांबापाशी बसलेला वृद्ध पखवाजी ‘वा’ म्हणाला, हे मी स्वतः ऐकले. मग अंतऱ्याच्या उठावणीत तार षड्जावर आवाज फाटला. तो सावरण्याच्या गडबडीत सम गेली. पुढच्या आवर्तनातही गेली. तबलजीने मान हलवून खूण केली. पण तिची दृष्टी पहिल्या रांगेतल्या तिघा गृहस्थांवर खिळली होती आणि ते तिघे एकमेकांकडे पाहत होते. तिने तंबोऱ्यावरचा हात काढला, गर्भकुडीच्या दिशेने नमस्कार केला आणि ती उठून गेली.

त्या रात्री अग्रशाळेत पंक्ती बसल्यावर जे न्यायदान झाले, ते या लेखाचे निमित्त. एक म्हणाले, “अहो, हल्लीच्या पोरांना रियाझ नको, टाळ्या हव्यात.” दुसऱ्यांनी त्यांच्या तरुणपणी कोणा बुवांनी शिष्याच्या पाठीत तंबोऱ्याचा भोपळा कसा हाणला, याचे रसभरित वर्णन केले. तिसऱ्यांचा निर्णय सर्वांत संक्षिप्त होता : “भीती वाटली पाहिजे. भीती वाटल्यावाचून गाणे येत नाही.” वाढपी ‘भात, भात’ करीत पुढे गेला आणि विषय बदलला. मी त्या पंक्तीत होतो आणि मी काही बोललो नाही. तेव्हा न बोललेले आज लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या मुलांना गाताना जो सभाकंप सुटतो तो रियाझाच्या अभावाने सुटत नाही. बहुधा तो अतिशय रियाझ करणाऱ्यांनाच सुटतो. त्यांना उणीव असते ती स्वतःच्या चुकीकडे सदयपणे पाहण्याच्या शिकवणीची. ही शिकवण त्यांना महाविद्यालय देत नाही, घर देत नाही. जे स्थान ती पिढ्यानुपिढ्या देत आले, ते देवळाचे सभामंडपही आपण अलीकडे परीक्षकांच्या स्वाधीन केले आहेत. यात ‘आपण’ म्हणतो ते सौजन्याखातर नव्हे. आमच्या उत्सवात गुण देणारी गायनस्पर्धा सुरू करण्याचा जो ठराव काही वर्षांपूर्वी झाला, त्यावर माझीही सही आहे.

प्रथम ही भीती म्हणजे काय, ते नीट पाहू. संकट समोर आले की शरीर पळावयाची किंवा झुंजावयाची तयारी करते. काळीज धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहात गार होऊन घामेजतात, श्वास पोटातून निघून छातीच्या वरच्या भागात अडकतो. वाघापुढे ही तयारी उपयोगी; तंबोऱ्यापुढे ती घातक. गवयाचा सारा व्यवहार श्वासावर. श्वास आखूड झाला की लांब मींड मध्येच तुटते, खर्ज डळमळतो आणि कंठाचे स्नायू ताठ होऊन वरचा सूर फाटतो. तबलजीच्या बोटांना कंप सुटतो, सतारीच्या तारेवरून घामेजलेले बोट घसरते. पण याहून मोठा घात मनात होतो. गाणाऱ्या मनाचे दोन तुकडे पडतात. एक गाऊ लागते आणि दुसरे त्याच्यावर पहारा करू लागते : आता चुकणार, आता हसतील, आता सर काय म्हणतील! गळ्यात पक्के बसलेले वळण गळ्याच्या भरवशावर सोडून द्यावयाचे असते; पहारेकरी ते पुन्हा हातात घेऊन तपासू लागतो आणि तपासता तपासता मोडतो. जिना सवयीने उतरणाऱ्या माणसाने एकेका पायरीचा विचार करू लागावे, तसे होते.

हे दुखणे कच्च्या विद्यार्थ्यांचेच असते, असेही नाही. पाब्लो कासाल्स हा विसाव्या शतकातील चेलो या वाद्याचा सर्वश्रेष्ठ वादक मानला जातो. १९०१ साली अमेरिकेत एका डोंगरावर दरड कोसळून त्याच्या डाव्या हाताची बोटे चिरडली, तेव्हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार, आता आपल्याला वाजवावे लागणार नाही, असा सुटकेचा होता, हे त्याने स्वतः पुढे सांगितले आहे. १९८० नंतरच्या दशकात त्याच देशातील वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून अधिक वादकांची पाहणी झाली. जवळजवळ चौथ्या हिश्श्याने सभाकंप ही आपली अडचण असल्याचे सांगितले. चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक लोक काळजाचे ठोके आवरणारे औषध घेऊन वाजवीत होते. ते सारे पोटासाठी रोज वाजविणारे कसलेले लोक. त्यांना ‘रियाझ नको’ असे अग्रशाळेतील तिघांनी सांगून पाहावे!

जाता जाता एक सूचना करणे भाग आहे. प्रोप्रॅनोलॉल नावाची ती गोळी आपल्याकडेही मिळते आणि विद्यार्थी ती एकमेकांना सुचवितात, असे कानांवर येते. दम्याच्या रोग्याला ती जिवावर बेतू शकते. वैद्याच्या सल्ल्यावाचून ती कोणीही घेऊ नये. ज्या मुलाची झोप आणि अन्न या भयाने तुटले असेल, त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यावे. देवाला कौल जरूर लावावा. पण डॉक्टरकडे आज न्यावे की उद्या, एवढ्यापुरताच लावावा.

आता ‘भीती वाटल्यावाचून गाणे येत नाही’ या सिद्धांताकडे वळतो. त्याला शास्त्राचाही आधार दाखविणारे सुशिक्षित भेटतात. थोडा ताण कामाला चांगला, असे १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, असे ते सांगतात. ते प्रयोग कोणावर झाले हे मात्र ते सांगत नाहीत. ते झाले उंदरांवर. तेही ‘नाचरे उंदीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या. पांढऱ्या आणि काळ्या पेटीतील भेद उंदराने ओळखावा, चुकल्यास त्याला विजेचा झटका मिळावा, असा तो प्रकार. आणि त्यातूनही निष्कर्ष काय निघाला? भेद ओळखणे सोपे असेल तर जोराचा झटका चालतो. भेद सूक्ष्म झाला की जोराच्या झटक्याने शिकणे उलट मंदावते. पूरिया आणि मारवा यांतील भेद पांढऱ्या-काळ्या पेटीइतका ढोबळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपली छडी खुशाल चालवावी.

मी त्या मुलीला पुढच्या आठवड्यात तिच्या घरी भेटलो. सांत्वन करावयास गेलो आणि लज्जित होऊन परतलो. ती म्हणाली, “काका, मी पहाटे चारला उठते. चूक झाली की ती वहीत लिहिते आणि खाली स्वतःसाठी एक शिवी लिहिते. सरांनी सांगितलेले नाही. माझे मीच.” तिने वही दाखविली. तारखा, राग, चुका आणि त्याखाली ते शब्द. आपण कोणी आपल्या मोलकरणीलाही ते शब्द उच्चारणार नाही. म्हणजे त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसलेले परीक्षक तीन नव्हते. चौथी तीच होती, आणि सर्वांत कठोर तीच.

येथे वाचकांपैकी काहींच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणून आहे. हे लाड झाले, ते म्हणतील. साधना म्हणजे तप, आणि तप म्हणजे ताप. स्वतःवर दया करणारा आळशी होतो. आक्षेप जुना आहे आणि प्रामाणिकही आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पहिले उत्तर अनुभवाचे. २०१२ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची एक अवघड परीक्षा दिली. ती अवघड असल्यामुळे मुले चुकली. मग काहींना सांगितले की अशा परीक्षेत अडखळणे सर्वांचेच होते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना त्यांच्या हुशारीची आठवण करून देऊन फुगविले. काहींना काहीच सांगितले नाही. पुढच्या परीक्षेच्या तयारीला सर्वांत अधिक वेळ कोणी दिला? ज्यांना स्वतःवर दया करावयास सांगितले, त्यांनी. स्तुतीने फुगलेले त्यांच्या मागे राहिले. लाड आणि दया या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यावरून दिसावे. लाड चूक झालीच नाही असे सांगतात. दया चूक झाली असे स्पष्ट सांगून माणसाला तिच्याजवळ बसू देते. चुकीजवळ बसल्यावाचून ती सुटत नाही, हे कोणीही जाणता गुरू सांगेल. जो स्वतःला शिव्या देतो तो चुकीपासून पळतो. त्याला चूक पाहवतच नाही.

दुसरे उत्तर आपल्या घरचे आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. या विषयाची शास्त्रीय मांडणी क्रिस्टिन नेफ या बाईंनी २००३ साली केली. त्यांनी स्वतःवरील दयेची तीन अंगे सांगितली : स्वतःशी प्रेमाने वागणे, आपले दुःख हे सर्व मनुष्यजातीचे दुःख आहे हे ओळखणे, आणि वेदनेला न कुरवाळता, न दडपता, ती आहे तशी पाहणे. आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला यात नवे काय आहे? तिसऱ्या अंगाला आपण साक्षीभाव म्हणतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी, माणूस हाच स्वतःचा बंधू आणि हाच स्वतःचा वैरी, असे अर्जुनाला सांगितले. ते ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन पोराला स्वतःचा वैरी व्हावयास शिकवितो. योगसूत्रांच्या पहिल्या पादात दुःखी जनांविषयी करुणा बाळगण्यास सांगितले आहे. दुःखी जनांच्या त्या यादीतून स्वतःला वगळावे, असे पतंजलींनी कोठे म्हटले आहे?

गोरोबाकाकांची कथा आपल्या कीर्तनांतून इतकी ऐकली गेली आहे की तिचा अर्थ गुळगुळीत होऊन गेला. तेर येथे संतमंडळी जमली. मुक्ताबाईने सांगितल्यावरून गोरोबांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी कच्ची की पक्की हे पाहू लागले. सगळ्यांनी मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले. गोरोबांनी निर्णय दिला : हे मडके कच्चे. भर सभेतला हा निकाल! नामदेव त्या वेळी कोण होते? प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारे भक्त. ते रडत पंढरीला गेले. ही कथा सांगणाऱ्यांनी त्यांचे रडणे लपविलेले नाही, याकडे माझे विशेष लक्ष जाते. आणि विठ्ठलाने काय केले? ‘नाही रे, तू पक्काच आहेस’ अशी खोटी समजूत घातली नाही. ‘तुझी योग्यताच नाही’ असेही म्हटले नाही. त्याने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठविले. कच्चे मडके कुंभार फोडीत नाही, आव्यात घालतो. आणि आव्यातून निघालेल्या त्याच नामदेवांचे कीर्तन पुढे पंजाबपर्यंत गेले.

आमच्या स्पर्धेत थापटणे आहे. विसोबा खेचर कोठे आहेत?

हे असे का झाले, याचे एक कारण इतिहासात आहे. ते कोणाच्या दुष्टपणात शोधू नये. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. या लोकांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत. गाणे कोठीतून आणि दरबारातून काढून त्यांनी ते गृहस्थाच्या मुलामुलींसाठी खुले केले. परंतु शाळा म्हटली की अभ्यासक्रम आला, अभ्यासक्रम म्हटला की परीक्षा आली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची माळ आपल्या घराघरांत पाठ झाली. या वर्षी इतके राग, पुढच्या वर्षी तितके. आणि प्रत्येक पायरीवर एक अपरिचित गृहस्थ समोर बसून थोडक्या वेळात निर्णय देणार.

जुन्या पद्धतीत शिष्याला सभेची सवय कशी होई, ते आठवून पाहा. तो वर्षानुवर्षे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे. हजार माणसांपुढे बसे, पण हजार माणसे त्याच्याकडे पाहत नसत. मध्येच गुरू मान वळवून खूण करी आणि तो एखादी आलापी, एखादा स्वर भरून टाकी. चुकला तर गुरूचा आवाज वरून येऊन त्याची चूक झाकून टाकी. अशी दहा वर्षे गेली म्हणजे तो पुढे बसे. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्याच परीक्षेत एकटा पुढे बसतो. त्याच्या मागे तंबोराही बहुधा यंत्राचा असतो. आपण जुन्या गुरूंची छडी तेवढी आठवणीत ठेवली आणि त्यांची पाठराखण विसरलो.

भजनाची रचना पाहिली म्हणजे ही पाठराखण किती हेतूपूर्वक केलेली आहे, हे ध्यानात येते. बुवा अभंगाचा चरण घेतो, झीलकरी तो उचलतात. बुवाचा श्वास संपला तरी चरण संपत नाही. शब्द विसरला तर टाळ वाजतच राहतात, पखवाज चालतच राहतो आणि तोवर कोणीतरी शब्द पुरवितो. वास्कोला श्रावणात दामोदराचा सप्ताह होतो. अहोरात्र अखंड भजन. त्यात पहाटे तीनला कोणाचा तरी आवाज बसतो, कोणी पेंगतो, कोणी भलतीच पट्टी धरतो. भजन थांबत नाही. तेथे अखंडता एकट्या गळ्याची नसते, म्हणून एकट्या गळ्यावर तिचे ओझेही नसते. आपल्या गोव्यातील कित्येक पोरांना गाण्याची गोडी लागली ती या झिलीत, दहाव्या ओळीत, कोणाचे लक्ष नसताना. आता त्याच भजनाला वेळ मोजणारे घड्याळ आणि गुणपत्रिका लावून आपण मंडळामंडळांत वैर उत्पन्न केले आहे. ढाल जिंकलेले मंडळ वर्षभर मिरविते आणि हरलेल्या मंडळातील ज्या मुलाचा स्वर चुकला, त्याचे नाव वर्षभर घेतले जाते.

मी जुन्या देवळाचे चित्र सोनेरी रंगविण्याच्या भरात नाही. आपल्या देवळांच्या चौकात ज्या घराण्यांनी शतकानुशतके गायनसेवा केली, त्यांच्या स्त्रियांची कला आपण घेतली आणि त्यांच्या पदरी कलंक घातला. ती लज्जा आपल्या समाजाने निर्माण केलेली होती, आणि त्या लज्जेचे ओझे डोक्यावर घेऊन केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर गायल्या. गाणाऱ्या मुलीकडे पाहून आपण आजही जे कुजबुजतो, त्यात त्या जुन्या पापाचा अंश नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? पहिल्या रांगेतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले ते काही केवळ समेसाठी नव्हते.

याच दोघींच्या गुरूंची हकीकत येथे सांगतो. खाँसाहेब अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) ऐन तरुणपणी एका लहान संस्थानात अतिगायनाने आवाज गमावून बसले. पुढे आवाज परतला तो पूर्वीचा नव्हता. त्याची धार, त्याची लवचीकता गेली होती. अशा गवयाला दोनच मार्ग दिसावेत : गाणे सोडणे, किंवा गेलेल्या आवाजाचा सूड उरलेल्या गळ्यावर घेणे. त्यांनी तिसरा काढला. उरलेल्या आवाजाला काय शोभेल, याचा शोध घेतला आणि त्यातून जी गायकी सिद्ध झाली तिला आज आपण जयपूर-अत्रौली म्हणतो. केसरबाई १९२१ पासून खाँसाहेबांच्या निधनापर्यंत जी विद्या घेत राहिल्या, ती एका मोडलेल्या आवाजाच्या पोटी जन्मलेली होती. खाँसाहेब मवाळ शिक्षक होते असे कोणी म्हटलेले नाही. शिस्त होती, आणि ती भयंकर होती. पण आपल्या गळ्याची मर्यादा हा त्यांनी गुन्हा मानला नाही.

दुसरे उदाहरण बेळगावच्या आणि माळव्याच्या वाचकांना मी काय सांगावे! सुळेभावीस १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालवयातच देशभर गाजले. १९४८ च्या सुमारास ते देवासला राहावयास गेले, ते क्षयाने आजारी होते म्हणून. कित्येक वर्षे बिछाना. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. गाणे तर दूरच, मोठ्याने बोलण्यालाही बंदी. त्या खाटेवर पडून ते खिडकीबाहेरच्या बायकांची माळवी लोकगीते ऐकत राहिले. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले आणि पुढे जे गाणे ऐकू आले त्यात लहान लहान श्वासांचे तुकडे होते, मध्ये शांतता होती, आणि ती शांतताही गात होती. पुष्कळ जाणकारांना ते गाणे त्या वेळी रुचले नाही. आजही काहींना रुचत नाही. तो वाद निराळा. पण समजा, त्या खाटेवर पडल्या पडल्या कुमारांनी त्या मुलीसारखी वही ठेवली असती तर? बालपणीच्या दीर्घ तानेशी रोज तुलना करून रोज खाली एक शिवी लिहिली असती तर? १९५३ ची ती मैफल झाली असती, असे मला वाटत नाही.

शिस्त सोडा, असा याचा अर्थ कोणी काढील म्हणून स्पष्ट लिहितो. सम चुकली तर चुकली असेच सांगावे. कोमल ऋषभ चढला तर दहा वेळा, शंभर वेळा घोटून घ्यावा. तंबोऱ्याची तार उतरते तेव्हा आपण खुंटी पिळतो, मणी सरकवितो, जवारी पाहतो आणि पुन्हा कान लावतो. यात कसलीही ढिलाई नसते. पण तारेला शिव्या देणारा तंबोरावाला मी पाहिलेला नाही. स्वराशी कठोर असावे. स्वर लावणाऱ्याशी कठोर असण्याने स्वर सुधारतो, हे मला कोणी दाखवून द्यावे.

याउपर एक नवी आपत्ती आहे, तिचाही समाचार घेतो. पूर्वी सभामंडपातील चूक सभामंडपातच विरून जाई. रात्रीच्या पालखीपर्यंत लोक ती विसरत. आता शंभर हातांत शंभर दूरध्वनी असतात. त्या मुलीचा फाटलेला षड्ज दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील निम्म्या घरांत वाजला. ज्यांनी तो पाठविला त्यांना विचारले, तर ते म्हणाले, “सहज पाठविला.” या ‘सहज’ची जबाबदारी देवस्थानाची आहे. गर्भकुडीतील मूर्तीचे चित्र घेण्यास आपण मनाई करतो. मग गाणाऱ्या मुलीच्या अडखळण्याचे चित्र घेण्यास मुभा कशासाठी?

म्हणून आमच्या उत्सव समितीपुढे मी लेखी मागणी ठेवली आहे, आणि इतर देवस्थानांच्या मंडळींनीही ती विचारात घ्यावी अशी विनंती आहे. उत्सवातील एक संध्याकाळ विद्यार्थ्यांची असावी. त्या संध्याकाळी परीक्षक नको, ढाल नको, ‘सुवर्णपदकविजेती’ अशी प्रस्तावना नको. विद्यार्थ्याने गर्भकुडीकडे तोंड करून गावे, श्रोत्यांनी बाजूला बसावे. देवळात गाणे हे मुळात तसेच होते. त्याच्या मागे त्याचे गुरू किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी तंबोरा घेऊन बसावेत, आणि तो अडला तर स्वर द्यावा. दूरध्वनी बाहेर, चपलांबरोबर. स्पर्धा ज्यांना हवी त्यांनी ती सभागृहात भरवावी. तिच्यावर माझा राग नाही, तिच्या जागेवर आहे. आणि महाविद्यालयांतील शिक्षकांस एवढेच विचारतो : आपल्या पहिल्या फजितीची गोष्ट आपण विद्यार्थ्यांना कधी सांगितली आहे काय? आपणही अडखळत येथवर आलो, हे मुलांना एकदा कळू द्यावे. ते कळत नाही म्हणून प्रत्येक मुलाला वाटते, जगात अडखळणारा मी एकटाच.

समितीत या मागणीवर जो वाद झाला त्याचा तपशील देत नाही. ‘परीक्षक नसतील तर मुले तयारी कशासाठी करतील?’ असे एकांनी विचारले. तेव्हा कोपऱ्यात समया पुसत बसलेली त्या मुलीची आजी, जिला समितीत बोलण्याचा अधिकार नाही, कोणाकडेही न पाहता म्हणाली, “देव मार्क दिना, तरी आमी गायतालीं न्हय?” त्यावर कोणी बोलले नाही. निर्णय मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

यंदाच्या उत्सवाची पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची ओळ मी तूर्त कोरी ठेवावयास सांगितली आहे. ती मुलगी त्या संध्याकाळी गाईल की नाही, हे तिने अद्याप सांगितलेले नाही. आणि ते तिला कोणी विचारावयाचे नाही, असे मी तिच्या आजीला कबूल केले आहे.